शंभर कोटींची अब्रू

मा. अब्रूदार साहेब यांस,
सा. न. वि. वि.

कारखान्याने उसाची बिलं थकवल्याची बातमी पेपरात आली. आमच्या तालुक्यातल्या एका पोराने त्या बातमीवर मोबाइलवरून सात ओळी लिहिल्या. आपण पेपरला वाढदिवसाची पानभर रंगीत जाहिरात दिलीत आणि पोराला वकिलाची नोटीस. हा निवाडा आम्हाला बेहद्द आवडला. पेपरकडे छापखाना असतो, वकील असतो, जाहिरातीचं दरपत्रक असतं. पोराकडे असतो दुचाकीचा हप्ता. दाबायचं कुणाला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

नोटिशीत शंभर कोटी मागितलेत. एवढी अब्रू सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत मिळून असेल, याची आम्हाला कल्पना नव्हती. आणखी दोन शून्यं वाढवली असती तरी चाललं असतं, कारण नोटिशीला टपालखर्च तेवढाच. दावा लावायला गेलं की मात्र मागितलेल्या आकड्यानुसार कोर्ट फीचा स्टँप लागतो. म्हणून आपली अब्रू टपालातच फिरती ठेवावी, हे उत्तम.

कोर्टात जायचंच ठरलं तर फौजदारी बरी पडेल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आपल्यासाठीच आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. पोराने लिहिलं ते खरं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. ते लोकहिताचं होतं हेही त्यानेच दाखवायचं. दाखवेलही, पण तोवर तारखा कुणाला चुकल्यात? इंग्रजांनी हा गुन्हा १८६० च्या दंडसंहितेत घातला आणि आपल्या घरी मात्र २००९ साली कायदा करून मोडीत काढला. पाहुणा विसरून गेलेली छत्री जपावी तसा आपण तो जपला. सुप्रीम कोर्टानेही २०१६ साली तो घटनेत बसतो असं सांगितलं आहे. तेव्हा निर्धास्त असा.

काळजी फक्त आपल्या मुलखाची वाटते. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर आपल्याला ठाऊक असतील; निदान जयंतीला हार घालताना भेटले असतील. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाच्या प्रकरणात कारभारी बर्वे यांच्यावर टीका केली म्हणून त्यांच्यावर आणि टिळकांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. टीकेला आधार म्हणून छापलेली पत्रं बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ साली चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतलं. १०१ दिवसांनी दोघे सुटले तेव्हा बाहेर स्वागताला गर्दी. बर्वे खटला जिंकले, अब्रू राखली. आज त्यांचं नाव निघतं ते मात्र या खटल्यापुरतंच. जिंकण्याआधी एवढा विचार करावा.

दुसरं उदाहरण वाळवा तालुक्यातल्या इस्लामपूरचं. १८९७ साली तिथल्या 'प्रतोद' या वृत्तपत्राने चक्क कॅनडावर लेख लिहिला. कुठे कॅनडा, कुठे वाळवा तालुका! पण कॅनडा स्वतंत्र होण्याची तयारी करतोय, हे वाचून वाळव्याच्या माणसाला काय सुचेल, हे सरकारला बरोबर कळलं. सातारच्या सेशन कोर्टाने संपादकाला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. हायकोर्टाने ती एका वर्षावर आणली. हा निकाल देणाऱ्या पूर्णपीठावर न्यायमूर्ती रानडेही होते. खटला राजद्रोहाचा होता हे मान्य, पण दुखावलेली अब्रू आपल्यासारखीच मोठ्या घरची होती. परदेशच्या बातमीवर लिहिलं तरी ती दुखायची. आपलं दुखणं उसाच्या बिलापुरतं आहे, म्हणजे प्रकृती बरीच सुधारली म्हणायची.

आगरकरांच्या टेंभूच्याच नावाची उपसा सिंचन योजना आज खानापूर-आटपाडीकडे पाणी नेते. पाण्याचा गुण लागतो असं जुनी माणसं म्हणतात. पाटबंधारे खात्यात आपलं वजन आहे, तेव्हा त्या पाण्यालाही एक नोटीस काढता आली तर पाहा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये.

आपला,
जाहिरात न मिळालेला एक वाचक

ता. क. : कलम ३५६ च्या स्पष्टीकरणात उपरोधाने केलेली बदनामीही बदनामी धरली आहे. उदाहरणच दिलंय: 'अमुक माणूस प्रामाणिक आहे, त्याने तमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही', असं चोरीचा संशय यावा म्हणून म्हटलं, तर तो गुन्हा ठरू शकतो. परवाच्या जाहिरातीत कार्यकर्त्यांनी आपल्याला 'शेतकऱ्यांचा कैवारी' म्हटलंय. ते एकदा वकिलांना दाखवून घ्यावं.