भूत न मानणारे अंकल

सिंगापूरच्या तोआ पायोसारख्या जुन्या वस्तीत, ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये, समोर काळी कोपी-ओ घेऊन बसलेले एक अंकल हमखास भेटतात. बहुधा निवृत्त इंजिनिअर. चिनी पंचांगाचा सातवा महिना साधारण ऑगस्टमध्ये लागतो. तेव्हा पाताळाची दारं उघडतात आणि उपाशी भुतं महिनाभर वर येतात, अशी वस्तीची श्रद्धा. अंकलची नाही. "सगळं सुपरस्टिशन, ला! ते 'भले भाऊ' वगैरे काही नसतात." नसलेल्याचाही उल्लेख ते असा अदबीनं करतात. भूत म्हटलेलं भुतांना आवडत नाही म्हणे.

या महिन्यात अंकल पोहत नाहीत. बुडून मेलेला जीव आपल्या जागी दुसरा मिळेपर्यंत सुटत नाही, म्हणून तो पोहणाऱ्याचे पाय ओढतो, हे त्यांना लहानपणापासून पाठ आहे. पण कारण ते नव्हे. हल्ली तलावात क्लोरीन फार टाकतात. खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे तिन्हीसांजेच्या आत घरात येतात, कारण पावसाचा भरवसा नाही. मागून कुणी हाक मारली तर वळून बघत नाहीत. मान धरलेली असते. मुलीच्या घराचा व्यवहार पुढे ढकलला तो व्याजदर उतरतील म्हणून. ते नेमके आठव्या महिन्यातच उतरणार, असा त्यांचा दर वर्षीचा अंदाज असतो. शास्त्रीय कारणं देणारे काका आपल्याकडेही कमी नाहीत, पण ते निदान 'मी पाळतो' म्हणून मोकळे होतात.

समोर भारतीय माणूस दिसला की अंकलना जोर चढतो. "ही भानगड तुमच्याकडूनच आलेली!" यात थोडं तथ्य आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन चीनमध्ये मूलियान झाला. त्याची आई प्रेतयोनीत पडली होती. घास तोंडाशी नेला की त्याचे निखारे व्हायचे. भिक्षुसंघाला दान देऊन त्यानं तिला सोडवलं, म्हणून सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला अन्नदान. ताओपंथीयांचा उत्सवही त्याच दिवशी, त्यामुळे भुतांची दोन्हीकडून सोय.

पितरांसाठी कागद जाळण्याला अंकलचा ठाम विरोध. धूर, राख, प्रदूषण. तरी ब्लॉकखाली ठेवलेल्या लोखंडी पिंपाशी संध्याकाळी तेच उभे. पाताळाच्या बँकेच्या नोटा जळत असतात. त्यांवर जेड सम्राटाचं चित्र आणि मोजता मोजता दमायला होईल इतकी शून्यं. "तिकडची महागाई बघा," असं म्हणत ते आणखी एक गड्डी टाकतात. वडिलांसाठी कागदी मोबाइल घेतला, तेव्हा चार्जर सोबत आहे ना, हे दुकानदाराला दोनदा विचारलं. वडील लँडलाइनच्या काळात गेले.

या महिन्यात वस्तीतल्या मंडळाच्या जेवणावळीत लाल-सोनेरी सजवलेल्या कोळशाचा लिलाव होतो. त्याला 'काळं सोनं' म्हणतात, घेणाऱ्याचा धंदा भरभराटतो म्हणे, आणि बोली हजारो डॉलरवर जाते. अंकल बोली लावत नाहीत. लावणाऱ्याच्या शेजारी मात्र बसतात.

फार छेडलं तर ते रुआन झानची गोष्ट सांगतात. चौथ्या शतकातल्या गान बाओच्या संग्रहात ती आहे. रुआन झान हा विद्वान भुतं नसतात असं ठासून सांगायचा. एक पाहुणा आला, कडाक्याचा वाद झाला, पाहुणा हरला. मग चिडून म्हणाला, "मीच भूत आहे!" रूप पालटलं आणि दिसेनासा झाला. पुढे वर्षभरानंतर रुआन झान वारला.

"वाद त्यानंच जिंकला होता," अंकल सांगतात. "म्हणून मी भुतं मानत नाही, आणि त्यांच्याशी वादही घालत नाही."

सातव्या महिन्यात तिकडे गेलात तर गेताय जरूर बघा. उघड्यावरचा मंच, झगमगते कपडे, होक्कियन गाणी, तिकीट नाही. पहिली रांग रिकामी दिसेल, ती भल्या भावांची. तिथे बसू नका. दुसऱ्या रांगेत जागा नसेल तर अंकलना विचारा, ते सकाळीच रुमाल टाकून गेलेले असतात.