दोन फलाटांचं आगार

लंडनच्या हीथ्रो विमानतळाला एक नंबरचं टर्मिनल नाही. दोन आहे, तीन आहे, चार आणि पाचही आहेत. एक होतं, ते 2015 मध्ये बंद झालं आणि त्याचा नंबर तसाच रिकामा राहिला. मामांना हे पटलं नाही. "एक उखडला तर दोनचा एक करायचा, तीनचा दोन. रंगाच्या एका डब्याचं काम!"

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सातारा जिल्ह्यातल्या एका एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले ते कागदोपत्री. आजही लग्नाच्या वऱ्हाडाची बस त्यांनी टायरला लाथ मारून पाहिल्याशिवाय सुटत नाही. मुलगी हाउन्स्लोला असते, तिला मुलगा झाला आणि बारशासाठी मामा निघाले, सोबत आम्ही नवराबायको. लंडन, थेम्स, राजवाडा वगैरे गोष्टींत त्यांना रस नव्हता. त्यांना बघायचं होतं ते आगार.

बघण्यासारखं आहेच ते. 1946 मध्ये मुलकी विमानतळ म्हणून हीथ्रो सुरू झालं तेव्हा प्रवासी चक्क तंबूत बसायचे. लष्कराचे जुने तंबू, आत आरामखुर्च्या आणि फुलदाण्या. आपली एसटी 1948 ची. म्हणजे हीथ्रो दोनच वर्षांनी मोठं, हे कळल्यावर मामांची भीड चेपली. "आपल्याच बॅचचं म्हणायचं," असं म्हणून त्यांनी विमानातल्या सीटचा पट्टा आवळला.

मूळ आराखड्यात चांदणीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या होत्या आणि मधल्या मोकळ्या जागेत टर्मिनलं. आता धावपट्ट्या उरल्या दोन, पण जुनी टर्मिनलं अजून मधोमधच अडकलेली. त्यामुळे बाहेरची मोटार आत यायची तर धावपट्टीच्या पोटाखालच्या बोगद्यातून येते. या दोन पट्ट्यांवरून 2024 मध्ये 8 कोटी 39 लाख प्रवासी ये-जा करून गेले.

"दोनच फलाट?" मामा सीटवर सरळ झाले.

दोनच. वर्षाला 4 लाख 80 हजार फेऱ्यांची कायदेशीर मर्यादा. बहुतेक दिवस एका पट्टीवर उतरायचं, दुसरीवरून उडायचं, आणि दुपारी तीनला अदलाबदल, म्हणजे खाली राहणाऱ्यांना निदान अर्धा दिवस तरी डोकं शांत. "तीनला पाळी बदलते," मामा म्हणाले. "आपल्याकडंबी तीनलाच." इंग्रजांबद्दल त्यांचं मत सुधारायला इथून सुरुवात झाली.

उतरलो दोन नंबरला. उतरलो म्हणजे विमानातून उतरलो. टर्मिनल अजून यायचं होतं. आमचं विमान लागलं होतं 'बी' इमारतीला, आणि सगळी कामं होतात 'ए' इमारतीत. मधे जमिनीखालून बोगदा. सरकत्या जिन्यांनी पाताळात जायचं, सरकत्या पट्ट्यांवरून चालायचं, पुन्हा जिन्यांनी वर यायचं. पाचशे मैल ताशी वेगाने आलेल्या माणसाला शेवटचा टप्पा पायी का करायला लावतात, याचं उत्तर कोणी देत नाही. वाटेत आमच्या विमानातले सगळे भेटले. साडीवर बूट घातलेल्या दोन आजीबाई आम्हाला मागे टाकून गेल्या. त्यांचं हे नेहमीचं असावं.

इमिग्रेशनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे थोडक्यात काहीच होत नाही. अमेरिकन, जपानी, ऑस्ट्रेलियन वगैरे मंडळी पासपोर्ट यंत्रावर टेकवतात, काचेचं दार उघडतं, गेली. उरलेलं जग दोरीच्या नागमोडी रांगेत. मामांनी रांगेची वळणं मोजली, आमचा वेग काढला, आणि शेजारच्या नायजेरियन गृहस्थांना हातवारे करून सांगितलं की दोन खिडक्या बंद आहेत, त्या उघडायला पाहिजेत. दोघांचं एकमत झालं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, येण्याचं कारण? मामा म्हणाले, "ग्रँडसन. फर्स्ट ट्रिप." पहिली फेरी नातवाची की यांची, हे बाईंनी विचारलं नाही.

सामानाच्या पट्ट्याजवळ मला मामांना एक गंमत सांगायची होती. एक नंबरचं टर्मिनल बंद झालं खरं, पण त्याची सामान वाहणारी यंत्रणा तशीच ठेवली आणि दोन नंबरच्या बॅगा तिच्यावर टाकल्या. मामा बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माणूस रिटायर केला, पण हमाली चालूच. घरात माझं तेच है." बायकोनं मामींना फोन लावून देऊ का, असं विचारल्यावर हा विषय तिथेच संपला.

बाहेर पडताना डोक्यावर एक प्रचंड चंदेरी प्रकार लटकतो. रिचर्ड विल्सन यांचं शिल्प, नाव 'स्लिपस्ट्रीम'. 78 मीटर लांब, 77 टन वजन, ॲल्युमिनियमचं. कसरती करणारं विमान हवेत ज्या वाटेनं गिरक्या घेतं, ती वाटच जणू गोठवून टांगलेली. मामांनी खालून एक फेरी मारली. एसटी स्टँडवर पूर्वी अपघातात चेपलेली गाडी ठेवायचे, चालकांना दहशत बसावी म्हणून. "आयडिया चांगली है," ते म्हणाले, "पण इतक्या दर्शनी भागात नको. प्रवाशी भेतात."

आता शहराकडे, म्हणजे हाउन्स्लोकडे. जावयानं फोनवर सविस्तर सूचना धाडल्या होत्या: हीथ्रो एक्सप्रेस घेऊ नका. ही गाडी पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते आणि ऐनवेळी तिकीट काढलं तर तेव्हा माणशी 25 पौंड घेत होती. मामांचा प्रश्न साधा होता. पॅडिंग्टनला आपलं कोण राहतं? एलिझाबेथ लाइनची गाडीही आपल्या वाटेची नव्हती. राहिली पिकॅडिली लाइन, म्हणजे 1977 पासून विमानतळाच्या पोटात येणारी भुयारी रेल्वे. तिच्यानं मधलं एक स्टेशन सोडलं की हाउन्स्लो वेस्ट. यापेक्षा सोपा प्रवास जगात नसेल.

पण मामा नकाशासमोर उभे राहिले. 1986 मध्ये चार नंबरचं टर्मिनल झालं तेव्हा या लाइनला एक फेरा जोडला. शहरातून या फेऱ्यावर येणारी गाडी आधी चार नंबरला जाते, तिथून दोन-तीनला येते आणि तशीच पुढे शहराकडे परतते. उलट फिरत नाही, इंजिन बदलत नाही, रिकामी धावत नाही. मामांनी बोटानं तो फेरा तीनदा गिरवला. "डेड किलोमीटर शून्य," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. ताजमहालासमोर लोक असे उभे राहतात.

आणि मग त्यांना पाटी दिसली: सेंट्रल बस स्टेशन.

दोन आणि तीन नंबरच्या मधे, विमानतळाच्या ऐन बेंबीत, खराखुरा एसटी स्टँड आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या, गावातल्या लाल गाड्या वेगळ्या, फलाटांना नंबर, प्रतीक्षागृह, आणि बाकावर तोंडावर टोपी घेऊन झोपलेला एक माणूस. मामा दारातच थांबले. लाल गाड्या बघून त्यांचे डोळे भरून आले, की वारा लागला, नक्की सांगता येत नाही. भुयारी रेल्वेचा बेत तत्क्षणी रद्द.

हाउन्स्लोला 111 नंबर जाते, किंग्स्टनची गाडी, चोवीस तास सेवा. "मुक्कामी नाहीच म्हणजे," मामांनी नोंद घेतली. गाडी आली. मामांनी सवयीनं रुमाल टाकायला खिडकी शोधली. लंडनच्या बसची खिडकी त्या कामाची नाही. दारातून चढलो तर कंडक्टर नाही! चालक एकटा, काचेआड. मामांनी नोट पुढे केली. चालकानं मान हलवली. 2014 पासून इथल्या बसमध्ये रोख पैसे चालतच नाहीत. मी यंत्रावर एकेकाचं वेगळं कार्ड टेकवलं, माणशी पावणेदोन पौंड, टुंग आवाज झाला.

"तिकीट?" मामांनी विचारलं.

"एवढंच. टुंग."

"चेकर आला तर त्याला टुंग दाखवायचं?"

हाउन्स्लो येईपर्यंत ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. कुठे उतरायचं, हे प्रत्येक चढणाऱ्याला कोणीतरी विचारायला हवं ना. दोन पोरांनी सांगितलंही.

महिनाभर नातू खेळवून परतीला निघालो. जावयानं मोटारीनं सोडलं, त्यामुळे मामा थोडे रुसलेले. माझ्याकडे लाउंजची सोय असलेलं कार्ड होतं. येताना मुंबई विमानतळावर त्याच कार्डावर 2 रुपये कापून मामांना इडली, उपमा, शिरा आणि पुन्हा इडली मिळाली होती. तेव्हापासून लाउंज ही संस्था त्यांच्या लेखी शिवभोजन थाळीच्याही वर गेली होती. इथे दारावरच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की आत जागा नाही.

"उभ्यानं चालंल म्हणा," मामा म्हणाले.

मी ते भाषांतर केलं नाही. अर्ध्या तासानं जागा झाली. आत मऊ गालिचा, मंद दिवे, पोपटी रंगाचं सूप. माणसं एकमेकांकडे न बघता फुकटचं खात होती, आणि आपण मुळात भुकेले नाही असा चेहरा ठेवून तिसऱ्यांदा उठत होती. मामांना यातलं काही खटकलं नाही. खटकली ती शांतता.

हीथ्रोवर गाड्या पुकारत नाहीत. विमान कुठल्या दाराला लागलं, ते फलकावर बघायचं, तेही शेवटी शेवटी दिसतं, आणि वर बारीक अक्षरांत लिहिलेलं: 'बी'च्या दारांपर्यंत वीस मिनिटं चालावं लागेल. मामा उठून फलकापाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "एवढी माणसं बसल्यात. कुणाला पत्त्या तरी है का?"

फलक बदलला. मुंबई, बी 42. लाउंजमध्ये कोणी मान वर केली नाही. मामांनी चहाचा कप खाली ठेवला, घसा खाकरला, आणि हातात माईक नसतानाही उजवी मूठ तोंडापाशी आपोआप गेली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुंबईकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक बी बेचाळीसवर उभी आहे. फलाट लांब आहे. प्रवाशांनी लवकर निघावे. धन्यवाद."

सूप ढवळणारे हात थांबले. दारावरची मुलगी धावत आली. बायकोनं पर्समध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला घेतलं. आणि कोपऱ्यातून, खिडकीजवळून, कॉफीच्या यंत्रामागून सात-आठ माणसं निमूट उठली, पिशव्या खांद्याला लावल्या आणि दाराकडे निघाली. त्यातल्या एका बाईंनी जाता जाता विचारलं, "काका, मधे कुठं चहाला थांबते का?"

"विनाथांबा," मामा म्हणाले.