कडू घोट

तीस वर्षं मी डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवला. कॉफीला डोंगरउतार लागतो, डोक्यावर झाडांची सावली लागते, महाराष्ट्रात ती चिखलदऱ्याला होते, हे दर वर्षी फळ्यावर लिहून झालं. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही दंतकथा तर मी अशी रंगवायची की शेवटच्या बाकावरची मुलंही जागी व्हायची. कॉफी पिणं तेवढं अभ्यासक्रमात नव्हतं.

तशी घरी कॉफी व्हायची. एकादशीला, किंवा रात्री दहानंतर पाहुणा टपकला तर. पातेलंभर दूध, सढळ हाताने साखर, वरून किसलेलं जायफळ. कॉफी पावडर मात्र लग्नपत्रिकेत चुलत आजोबांचं नाव असतं तशी, मानापुरती. त्यामुळे कॉफी कडू असते हे मला साठीपर्यंत ठाऊकच नव्हतं.

ते कळलं बंगळुरूच्या चिरंजीवांमुळे. "आई, तू अजून खरी कॉफी प्यायलीच नाहीस," असं फोनवर म्हणाला आणि चौथ्या दिवशी अख्ख्या बियांचं पाकीट दारात. बिया काळ्याभोर आणि तेलकट, जणू नुकतीच चंपी करून आलेल्या. मी त्या चटणीच्या भांड्यात घालून मिक्सर फिरवला. निम्म्याचं पीठ झालं, निम्म्याची खडी राहिली. त्यावर खळखळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि नेमका नणंदेचा फोन आला. नणंदेचा फोन म्हणजे किमान पंधरा मिनिटं.

ह्यांनी पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "अगं, महासुदर्शन काढा आहे हा. मला ताप कुठे आलाय?"

मी हाडाची शिक्षिका. नापास झालं की उत्तरपत्रिका तपासायची. तपासली, तर चुका तिन्ही माझ्याच. कॉफी पाण्यात उतरते ती क्रमाने: आधी आंबटपणा, मग गोडी आणि सगळ्यात शेवटी कडूपणा. पंधरा मिनिटांत मी तो शेवटचा पाहुणासुद्धा जेवायला बसवला होता. त्यात पाणी उकळतं, आणि पिठासारखा भुगा तर बघता बघता सगळा कडूपणा सोडून मोकळा होतो. मी आधी खापर कॅफिनवर फोडलं होतं, पण कडूपणात त्याचा वाटा थोडासाच. खरी करणी भाजण्याची. बी जितकी काळी भाजावी तितकी ती कडवट. म्हणजे चिरंजीवांच्या पाकिटालाही थोडे गुण कापायला हवेत.

मग मी लोकल पकडून माटुंग्याला गेले. तिथे कॉफी समोर दळून देतात. अर्धा फलाटभर आधीच वास येतो असं म्हणतात. मला तरी गजऱ्यांचाच आला. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "प्युअर की चिकोरी?"

"कडू नको," मी म्हटलं.

आता त्याने मान वर केली. उडप्याच्या हॉटेलात जाऊन सांबारात डाळ नको म्हणणाऱ्याकडे पाहतात, तसं पाहिलं. पण माणूस भला. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, ते रंग आणि दाटपणा देतं आणि कडवटपणाही वाढवतं, तेव्हा ते बाद. कॉफीच्या रोबस्टा जातीत कॅफिन अरेबिका जातीच्या जवळजवळ दुप्पट आणि चव रांगडी, तीही बाद. "मान्सून्ड मलबार घ्या," तो म्हणाला. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात बिया गोदामात पसरून त्यांना दमट वारा देतात, त्या फुगतात, पिवळट पडतात आणि त्यांचा आंबटपणा जातो. आमच्या घरी पावसाळ्यात पापड सादळले की आम्ही एकमेकांवर ओरडतो; तिकडे त्याच हवेला भाव आहे! शेवटी साधी अरेबिकाच घेतली, मध्यम भाजलेली, जाडसर रव्याइतकी दळलेली.

घरी आल्यावर सूत्रं ह्यांनी हातात घेतली. हे बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे पंधरा ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रॅम. पाणी अडीचशे मिलिलीटर. पाण्याचं तापमान नव्वद ते शहाण्णव अंश हवं म्हटल्यावर त्यांनी औषधांच्या डब्यातून थर्मामीटर काढला. तो बेचाळीसला संपतो हे सांगून मी तो वाचवला. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबायचं, एवढ्यावर तह झाला. मग झाकण, चार मिनिटं, बारीक गाळणी. नणंदेला मेसेज टाकला: फोन नऊनंतर कर.

आणि खरंच, जिभेला चरचर नाही, मागे गुळचट चव. तरी माझ्या जिभेला शेपटाशी किंचित कडू लागत होतं. त्यावर उपाय अर्धी चिमूट मीठ. कारल्याला मीठ चोळणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको. कारल्याचं कडू पाणी सुटतं. कपातलं कडू कुठेच जात नाही, मीठ फक्त जिभेला त्याची चाहूल लागू देत नाही.

पण दिवस निघाला एकादशीचा. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. टीव्हीवरचा आवाज ऐकू येत नाही, पण स्वयंपाकघरात मिठाचा डबा उघडलेला दिवाणखान्यातून कळतो.

"उपासाला कुठलं मीठ घालतेस गं?"

"शेंदेलोण आहे, आई."

"मग चालेल. मलाही दे. माझ्यात मीठ नको, दूध घाल. आणि जायफळ."

मी त्याच पंधरा ग्रॅमवाल्या, चार मिनिटंवाल्या, माटुंग्याहून आणलेल्या कॉफीत त्यांच्या सवयीचं दूध घातलं, साखर घातली, जायफळ किसलं. ह्यांनी कप स्वतः नेऊन दिला आणि निकालाच्या दिवशी पालक उभे राहतात तसे शेजारी उभे राहिले.

सासूबाईंनी अर्धा कप संपवला. पदराने ओठ टिपले.

"दूध छान आटलंय," त्या म्हणाल्या. "कॉफी कधी करणार आहेस?"

मी फडताळात मागे सरकवलेला बंगळुरूच्या बियांचा काळाभोर भुगा काढला, आणि नखभर त्यांच्या कपात टाकून ढवळला.