शरदातील एकदिवसीय लोकल-सहल : विधी आणि निषेध

आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने शरद ऋतूचे मानले जातात, आणि संस्कृत कवींनी या ऋतूच्या वर्णनात निरभ्र आकाश, निवळलेल्या नद्या व शीतल चांदणे यांची रेलचेल केलेली असली, तरी त्यांपैकी कोणासही ऑक्टोबरमधल्या भर दुपारी दादरच्या पुलावरून जावे लागले नव्हते, हे अभ्यासकाने आरंभीच ध्यानात घ्यावे. मुंबईत या काळास ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. मोसमी पाऊस माघारी फिरला की ढगांचे छत्र जाते, हवेतला दमटपणा मात्र मागे राहतो, आणि अशा दुहेरी उपचाराने नागरिक हळूहळू शिजू लागतो. यातून जो विकार उद्भवतो त्यास एकदिवसीय सहल असे नाव असून त्याची लक्षणे साधारणतः शनिवारी रात्री दिसतात : आठवडाभर ज्या लोकलला दूषणे दिली, तिनेच रविवारी स्वखुशीने व सहकुटुंब नेहमीपेक्षा कितीतरी लांब जाण्याचा बेत रुग्ण आखू लागतो.

या विकारास परंपरा नाही असे मात्र म्हणता येत नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली प्रवासी गाडी गेली, तीत सुमारे 400 निमंत्रित होते आणि त्यांपैकी कोणाचेही ठाण्यात काही काम असल्याचे दिसत नाही.

विधीचा पहिला भाग दिशानिर्णयाचा होय. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग कल्याणला दुभंगतो. एक फाटा कर्जतकडे व पुढे खोपोलीकडे वळतो, तर दुसरा कसाऱ्याला जातो. फलाटावर टांगलेला फलक, ज्यास सर्वजण इंडिकेटर म्हणतात, गाडीचे अंतिम स्थानक एकदोन रोमन अक्षरांत सांगतो आणि नवख्याचा घात नेमका तेथेच होतो. कारण कर्जत व कसारा या दोन्ही नावांचा आरंभ ‘के’ने होत असला तरी ‘के’ हे अक्षर कल्याणने आधीच बळकावलेले असून, कर्जतच्या वाट्याला ‘एस’ आणि कसाऱ्याच्या वाट्याला ‘एन’ आलेले आहे. ज्याला हे ठाऊक असते त्याला इंडिकेटरकडे पाहावे लागत नाही, आणि ज्याला पाहावे लागते तो दशम्यांच्या डब्यासह कल्याणला उतरतो. रविवारी यात मेगाब्लॉकची भर पडते. रुळांच्या व तारांच्या दुरुस्तीसाठी काही मार्ग दिवसाचे काही तास बंद ठेवण्याच्या व्यवस्थेस हे नाव असून, ती वर्तमानपत्रात आगाऊ छापून येते, म्हणजेच ती कोणी वाचलेली नसते.

दुसरा भाग आसनप्राप्तीचा, आणि संपूर्ण शास्त्राचा गाभा हाच असल्याने येथे घाई करू नये. लोकलच्या दुसऱ्या वर्गातील बाक तिघांसाठी असला तरी त्यावर चौथ्याचा अर्धवट अधिकार रूढीने मान्य झालेला आहे. या अधिकारास ‘फोर्थ सीट’ म्हणतात, आणि ती मिळालेल्या माणसाचा एक पाय बाकाचा व दुसरा मार्गिकेचा असतो. खिडक्यांतही भेद आहे : गाडी ज्या दिशेने धावते त्या दिशेस तोंड असलेली खिडकी वाऱ्याची, तिच्या समोरची केवळ देखाव्याची. वाऱ्याची खिडकी हवी असल्यास दादरच्या रहिवाशाने कर्जतकडे जाण्यासाठी प्रथम उलट दिशेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावे व तेथून बसून परत दादरवर यावे, हा मार्ग ज्येष्ठांनी सांगितलेला असून, मुक्कामापासून दूर जाऊन मुक्काम जवळ आणण्याचे हे तंत्र इतर कोणत्याही दर्शनात आढळत नाही. अशा प्रवासाचे तिकीटही काढावे, ही गोष्ट ज्येष्ठ सांगत नाहीत म्हणून येथे नमूद केली आहे.

गंतव्यस्थानांचा विचार त्या मानाने गौण आहे. टर्मिनसपासून 100 किलोमीटरवरील कर्जतला मुंबईची लोकल थांबते ती घाटापुढे हात टेकून. लोणावळ्यास पुण्याची लोकल येते, पण दोघींमधील भोर घाटात कोणतीच लोकल चालत नाही. त्या चढावर लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, कर्जतला जोडली जातात, आणि या खोळंब्याच्या पुण्याईवर तेथील बटाटावडा नावारूपाला आला. शरदात पित्ताचा प्रकोप होतो असे आयुर्वेद सांगतो. वडा खाताना हे स्मरणात ठेवावे, खाण्याआधी ठेवू नये.

नेरळहून माथेरानला जाणारी दोन फूट रुंदीच्या रुळांवरील गाडी 1907 साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधली, आणि पावसाळ्यात नेरळपासूनची तिची चढाई बंद असते. शरदाच्या आरंभी ती पुन्हा सुरू झाली की नाही याची चौकशी नेरळच्या फलाटावर पोहोचल्यानंतरच करावी असा प्रघात आहे. माथेरानात मोटारींना मज्जाव असल्याने पायी फिरण्याच्या ओढीने लोक तेथे जातात आणि दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावर शटलच्या, म्हणजे थोड्याशा अंतराच्या फेरीच्या, रांगेत उभे राहतात. आसनगावहून माहुली किल्ला गाठणाऱ्यांनी वेगळा ग्रंथ पाहावा, कारण ते चालतात. पश्चिम रेल्वेची लोकल 2013 पासून डहाणू रोडपर्यंत जाते. तेथील चिकू प्रसिद्ध आहेत आणि परतीच्या गर्दीत ते टिकत नाहीत.

निसर्गदर्शनाचा विधी आटोपशीर आहे. या दिवसांत कर्जत-नेरळ पट्ट्यात भात पिवळे पडून कापणीस येते, उतारांवर सोनकीची पिवळी फुले असतात आणि धबधबे नुकतेच आटलेले असतात. यांपैकी तिसऱ्या गोष्टीबद्दल कुटुंबप्रमुखास जबाबदार धरले जाते. शेताच्या बांधावर उभे राहून छायाचित्र घ्यावे, परंतु कापणी करणाऱ्यास ‘किती छान आयुष्य आहे तुमचे’ असे सांगू नये, हा निषेध कडक आहे.

परतीची गाडी कर्जतहूनच सुटत असल्याने सर्वांना बसायला मिळते, आणि या अनपेक्षित सुखाने बहुतेकांना झोप लागते. बदलापूर व अंबरनाथ येथे चढणारी गर्दी झोपलेल्यास उठवत नाही, म्हणून ही झोप बदलापूरपूर्वी लागलेली असणे इष्ट. जलद गाडीने दादरला उतरणाऱ्याने मात्र घाटकोपर सुटताच उठावे, मुलांना, पिशव्यांना व उरलेल्या वड्यांना पुढे घेऊन दाराकडे सरकावे, आणि कुर्ला येण्यापूर्वी पुढच्या इसमाच्या खांद्यास बोट लावून ‘दादर का?’ असे विचारावे. तो नाही म्हणाला, तर त्याच्या पुढच्यास विचारावे.