लेथवर नव्याने उभे राहणाऱ्यांसाठी चिपशास्त्र

धाराशिव जिल्ह्यात लेथला काम कमी नाही. बोअरच्या मोटरचा शाफ्ट, ट्रॅक्टरची पिन, आणि गाळप थांबलं की ढोकी-मुरूमकडच्या साखर कारखान्यांत झिजलेल्या मिलरोलरच्या खाचा. आयटीआयमधून टर्नर होऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या होतकरूंनी पुढील सूचना पाळाव्यात.

1. ओळख करून घ्या. माइल्ड स्टीलची चिप लांब, अखंड आणि चिवट. मिलरोलर बिडाचा, बिडात ग्राफाइट असल्याने चिप तुकड्यातुकड्यांनी पडते, काळी धूळ तोंडावर बसते आणि संध्याकाळी घरचे तुम्हाला आवाजावरून ओळखतात. पितळेचे कण उडतात आणि शर्टाचं नेमकं उघडं बटण शोधतात.

2. लांब चिप फिरत्या जॉबला गुंडाळू लागली की हाताने ओढा. दहा बोटं जास्त होतात असं वाटणाऱ्यांसाठी ही सोय आहे. हातमोजा घातला तर मनगटही सोबत जाऊ शकतं. बाकीच्यांनी मशीन बंद करून हुकाने काढावी. फीड थोडा वाढवला किंवा टूलला चिपब्रेकर केला, तर चिप आपणच तुटते. पण मग धाडस दाखवायला काही उरत नाही.

3. रंगाकडे दुर्लक्ष करा. कटिंगच्या उष्णतेचा मोठा भाग चिप घेऊन जाते, म्हणून ती रंग बदलते. कार्बाइडच्या टूलवर स्टीलची निळी चिप चालते. हायस्पीड स्टीलच्या टूलवर तशीच निघाली, तर स्पीड जास्त झालाय. तिचा फोटो स्टेटसला ठेवा. टूलची धार गेल्यावर मालक स्वतः येऊन बघेल.

4. सफाई कॉम्प्रेसरची हवा मारून करा. सगळ्या चिपा शेजारच्या लेथवाल्याच्या डोळ्याकडे जातात आणि आपलं मशीन लख्ख होतं. ब्रश भिंतीवर शोभेला असतो.

5. गनमेटलच्या बुशची चिप लोखंडाच्या ढिगात मिसळा. भंगारवाला सगळं लोखंडाच्या भावाने नेईल आणि पुढच्या वेळी चहा पाजेल.

यातलं काहीच जमलं नाही, तर चष्मा लावा आणि चिपेकडे नीट बघा. माप चुकल्याचं व्हर्नियर काम बिघडल्यावर सांगतो; टूल बिघडत असल्याचं चिप बहुतेक वेळा आधीच सांगते.