मध्यरात्रीचे समाजसेवक

कोणीतरी बाई साबुदाण्याच्या खिचडीची कृती टाकतात. सोबत फोटो. खिचडीत कांदा आहे, पण ही उपवासाची नाही असं त्यांनी बिचाऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेलं. रात्री सव्वा वाजता एक सद्गृहस्थ त्यांना कळवतात, की तुमच्यासारख्यांमुळेच धर्म बुडाला. पाठोपाठ दुसरे येतात. त्यांचं धर्माबद्दल काही म्हणणं नाही, त्यांना फोटोतली स्टीलची ताटली खटकते. तिसरे 'आधी मराठी शिका' असं बजावून जातात आणि तेवढ्या तीन शब्दांत दोन चुका करतात. चौथे थेट बाईंच्या आईवडिलांपर्यंत पोहोचतात. यातल्या एकानेही खिचडी करून पाहिलेली नसते. नावं पाहावीत तर कोणी वाघ, कोणी छावा, कोणी नुसताच 'एक मराठी माणूस'. हे वाघ दिवसा साहेबासमोर 'हो सर, हो सर' करत फायली पुढे सरकवत असावेत असा माझा कयास आहे.

लोक या मंडळींना उगाच नावं ठेवतात. पगार नाही, भत्ता नाही, ओळखदेख नाही, तरीही झोपमोड करून परक्या माणसाचा उद्धार करायचा, हा निष्काम कर्मयोग नव्हे तर काय? सख्ख्या भावाच्या फोनला चार-चार दिवस उत्तर न देणारा माणूस अनोळखी बाईला दोन मिनिटांत उत्तर देतो. एवढी तत्परता नगरपालिकेत असती, तर नळाला पाणी आलं असतं.

असं का होतं, याचं उत्तर तज्ज्ञांकडे होतंच. जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ साली कारणांची यादीच दिली. नाव लपलेलं असतं, तोंड दिसत नाही, उत्तर लगेच अंगावर येत नाही, समोरचा माणूस आहे की आपल्याच डोक्यातलं बाहुलं हे कळेनासं होतं, आणि दटावायला वडीलधारं कोणी नसतं. यादी लांब होती म्हणून जगाने पहिलंच कलम उचललं. नाव लपतं म्हणून जीभ सुटते, तेव्हा नाव सांगायला लावा की झालं.

दक्षिण कोरियाने लावलं. २००७ पासून तिथल्या मोठ्या संकेतस्थळांवर खरी ओळख पटवल्याशिवाय प्रतिक्रिया देता येईना. आधी ओळख, मग शिव्या. लोकांनी शिस्तीत ओळख दिली आणि शिस्तीत शिव्याही दिल्या. २०११ मध्ये चोरांनी एका बड्या कंपनीकडची साडेतीन कोटी खात्यांची माहिती पळवली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियम एकमताने मोडीत काढला. नाव घेऊन तोंड आवरत नाही, हे एका अख्ख्या देशाला पाच वर्षं खर्चून कळलं.

त्यांनी आधी आमच्याकडे विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. आमचे काका स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पुढे 'निवृत्त' अशी पाटी लावून, मांडीवर नातू घेतलेल्या फोटोसकट शिव्या घालतात. सकाळी गुलाबाच्या चित्राखाली 'शुभ सकाळ', दुपारी कुणा अनोळखी पोरीला 'तुझी लायकी काय'. लपवण्यासारखं त्यांच्याकडे काहीही नाही. उलट कोणी ओळखलंच नाही, तर त्यांना वाईट वाटेल.

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या दोघा अभ्यासकांनी राजकीय वादांपुरतं हे तपासून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा, की पडद्यावर जो अंगावर येतो, तो बहुधा समोरासमोरही तसाच असतो. फक्त समोरासमोर त्याचा त्रास चार लोकांना होतो आणि पडद्यावर तो हजारोंना दिसतो. काकूंना हे लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. त्यांचा प्रबंध कोणी छापला नाही.

इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या दोघांनी २०१२ साली छापलेला प्रयोग मला जास्त पटतो. त्यांनी १४२ जणांच्या जोड्या लावल्या आणि संगणकावर टंकून वाद घालायला बसवलं. काहींना एकमेकांची माहिती दिली, काहींना नाही. काहींना समोरचा माणूस दिसत होता, काहींच्या तर तो थेट डोळ्यांत पाहत होता. वाह्यातपणाला लगाम घातला तो मुख्यतः डोळ्यांनी. नाव माहीत असण्याने फारसं काही साधलं नाही.

आपण मात्र डोळ्यांऐवजी दंडुक्यावर भिस्त ठेवली. 'उपद्रवी' मजकुराला शिक्षा देणारं ६६-अ कलम आलं आणि २०१२ मध्ये त्यात सापडल्या कोण, तर पालघरच्या दोन मुली. एकीने मुंबई बंदबद्दल साधं मत लिहिलं होतं, दुसरीने त्याला पसंतीचा अंगठा दाखवला होता. शिवी दोघींपैकी कोणीच दिली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते कलम रद्द केलं. त्या सगळ्या काळात आमच्या काकांच्या केसालाही धक्का लागला नाही.

म्हणून मी सरकारला सुचवतो, की साताऱ्याकडे पाहा. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत. दरवर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. बघायला गर्दी लोटते, पोलीस बंदोबस्त लागतो. तिथे टोपणनावाची सोय नाही. कुणी दिली, कुणाला दिली, सगळ्या गावाला दिसतं. आणि मुख्य म्हणजे कार्यक्रम संपतो. आपल्याकडे शिमग्याची बोंबही धुळवडीनंतर थांबायची. आताचा शिमगा बाराही महिने चालतो, त्यामुळे बोंब मारणाऱ्यालाही त्यात मजा उरलेली नाही. नोकरी असल्यासारखा तो हजेरी लावतो.

तर माझा प्रस्ताव असा. प्रत्येक तालुक्यात एक ओढा राखीव ठेवावा. पाणी नसलं तरी चालेल, नाहीतरी नसतंच. एका काठावर खिचडीत कांदा घालणारे, दुसऱ्यावर धर्मरक्षक. मधे हलगी. वाघांनी आणि छाव्यांनी शाळेच्या दाखल्यावरचं नाव सांगून उभं राहायचं आणि डोळ्यांत पाहून काय ती शिवी द्यायची.

चालेल फार तर दहा मिनिटं. मग समोरून कोणीतरी हमखास विचारणार, "गाव कुठलं म्हणालात?"

"मूळचे वाईचे."

"वाईत कुठं?"

"गणपती आळी."

"अहो, म्हणजे तुम्ही आमच्या धाकट्या वहिनींचे मामेभाऊ!"

हलगी थांबेल. कांदेवाले आणि धर्मरक्षक एकाच सतरंजीवर बसतील आणि चहा पाणचट केला म्हणून सगळे मिळून आयोजकांना शिव्या घालतील.