बघायला की दिसायला?

“बघायला हवाय की दिसायला?” सायकलच्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं. त्याच्या पुढ्यात कुणाचं तरी चाक होतं आणि तो एकेक तार पिळून त्याचा आउट काढत होता.

“दिवा हवाय. सायकलला लावायला,” मी म्हटलं.

“तेच विचारतोय. तुम्हाला रस्ता बघायला हवाय, की लोकांना तुम्ही दिसायला?”

पेठेतल्या दुकानदाराने उलट प्रश्न केला की गिऱ्हाइकाने त्यात अपमान शोधायचा, अशी आमच्या पुण्याची रीत आहे. मी शोधला. लगेच सापडला. चोवीस वर्षं लोकांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाला हा दिव्यातलं शिकवणार! “दोन्हीसाठी,” मी ताठ आवाजात म्हणालो.

“दोन्ही एकात येत नाही,” असं म्हणून तो पुन्हा तारांकडे वळला. मी पायरी उतरलो आणि त्याच रात्री मोबाइलवरून दिवा मागवला.

सायकल हा माझा छंद नव्हे. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ‘साखर काठावर आहे’ असं सांगितलं, तेव्हा मुलाची गॅलरीत धूळ खात पडलेली सायकल खाली उतरली. कोथरूड ते शनिवार पेठ, सकाळी जायला काहीच वाटत नाही. भानगड परतीची. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि आमचं ऑफिस पावणेसहाला सुटतं, म्हणजे कागदोपत्री सुटतं. मार्चअखेर जवळ आली की आठ-नऊ ठरलेले. शिवाय माझा रस्ता नदीपात्रातला, भिडे पुलापासून म्हात्रे पुलापर्यंत. वर कर्वे रोडवर बसखाली जाण्यापेक्षा खाली शांतता बरी. ही शांतता बरीचशी अंधारामुळे असते, हे नंतर कळलं.

लहानपणी असल्या विवंचना नव्हत्या. वडिलांच्या सायकलला मागच्या चाकापाशी बाटलीच्या आकाराचा डायनामो होता. खटका दाबला की त्याचं डोकं टायरला टेकायचं आणि घर्रर्र आवाज करत पुढचा दिवा लागायचा. सहा व्होल्ट, तीन वॅट. पायडल जोरात मारलं तर उजेड, हळू मारलं तर पिवळट संशय, आणि थांबलं की अंधार. त्यामुळे चौकात, जिथे सगळ्यांना दिसायची खरी गरज, तिथे वडील अंतर्धान पावायचे. हवालदाराने हटकलं तर “आत्तापर्यंत लागत होता हो” हे उत्तर तयार, आणि ते खरंही असायचं. उत्तर पटलं नाही तर हवालदार चाकातली हवा सोडायचा. वीज गेली की सायकल स्टँडवर चढवून मी पायडल मारायचो आणि ताई त्या उजेडात भूमिती करायची. ती पहिल्या वर्गात पास झाली. माझ्या पोटऱ्या तेवढ्या झाल्या. तो डायनामो मी पुढे भंगारवाल्याला वजनावर दिला. ह्याचा उल्लेख पुन्हा येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

मागवलेला दिवा चार दिवसांत आला. खोक्यावर लिहिलं होतं: १०,००० ल्युमेन, एका चार्जिंगमध्ये आठ तास. मी तो हँडलला बसवला आणि तोफ रोखावी तसा नाकासमोर सरळ रोखला. गॅलरीतून चाचणी घेतली, तेव्हा समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जेवायला बसलेलं कुटुंब एकदम डोळ्यांवर हात घेऊन आमच्याकडे वळलं. मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला मी नदीपात्रात उतरलो. अहाहा! झाडाचं पान न् पान दिसत होतं. रस्ता फारसा दिसत नव्हता, कारण उजेड सगळा समोर आणि वर चालला होता. पण इतकं बाकी काही दिसत असताना रस्त्याची कोण फिकीर करतो? समोरून येणारे दुचाकीवाले माझ्याकडे बघून बोटांची उघडझाप करत होते. मी भारावलो. सायकलस्वाराबद्दल पुण्यात अजून एवढा जिव्हाळा आहे! मीही डावा हात वर करून प्रत्येकाला अभिवादन करत चाललो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागायला लागला, तेव्हा भरदुपारी लोक एकमेकांना हीच खूण करायचे, ‘दिवा चालू राहिलाय’ म्हणून. हे मला ठाऊक असूनही आठवलं नाही. आठवण एका बुलेटवाल्याने करून दिली. “काका, दिवा खाली करा, नाहीतर डोळे तरी फोडा एकदाचे!”

मी दिवा वळवायला गेलो, तो उजवीकडे वळला. उजवीकडे नदीकाठच्या कठड्यावर अंतराअंतराने जोडपी बसलेली असतात. उजेडाचा झोत त्या रांगेवरून पोलिसांच्या गाडीसारखा फिरला आणि जोडपी पटापट उठली. तिसऱ्या जोडीतला मुलगा आमच्याच विभागातला कनिष्ठ लिपिक होता. त्याने त्या दिवशी आजोबा अत्यवस्थ असल्याचं सांगून अर्धी रजा घेतली होती. आम्ही दोघांनीही एकमेकांना बघितलं नाही; म्हणजे त्याला माझ्या दिव्यापुढे काही दिसणं शक्य नव्हतं आणि मी नजर वळवली. तेवढ्यात दिवा विझला.

मंद होत होत नाही. खाडकन. दिवा लावून चाळीस मिनिटं झाली होती. अंधाराला सरावायला माणसाच्या डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मला मिळाला साधारण दीड सेकंद. दीड सेकंदानंतर मी कशावर तरी आदळलो. ते ‘कशावर तरी’ मऊ, उबदार आणि पूर्णपणे काळं होतं. गोठ्याकडे निघालेली म्हैस. तिला मागचा दिवा नव्हता. रिफ्लेक्टरही नव्हता. मी तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिलो, तिने मान वळवून हुंगलं आणि शेपटीने माझा चष्मा पाडून ती चालायला लागली. चष्मा शोधायला मोबाइलचा दिवा लावला. त्या दिव्यात रस्ता छान दिसत होता.

घरी आल्यावर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं: हिशेब तपासला. मोटारीच्या एका साध्या हॅलोजन बल्बचा जवळचा झोत सुमारे १,००० ल्युमेनचा असतो. म्हणजे दहा हजार ल्युमेन म्हणजे पाच मोटारींचे दहा दिवे मी एका हँडलला बांधले होते, असं खोक्याचं म्हणणं. चांगली एलईडी एका वॅटला शंभराच्या आसपास ल्युमेन देते. तेव्हा शंभर वॅट तरी हवेत. आतला सेल निघाला १८६५० जातीचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. असा उत्तमातला उत्तम सेल बारा-साडेबारा वॅट-तास वीज साठवतो. बारा भागिले शंभर. खोक्यावरचे ल्युमेन खरे धरले तर दिवा सात मिनिटांत संपायला हवा होता, आणि आठ तास चालतो म्हणावं तर पहिला आकडा खोटा. मग सेलवर ९,९०० एमएएच असं छापलेलं दिसलं. चांगल्या सेलचा आकडा ३,५०० च्या आसपास थांबतो आणि वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे असतं. मी हिच्या चिवड्याच्या काट्यावर ठेवला. एकोणतीस ग्रॅम. दुसऱ्याच्या खर्चातला एक रुपया सापडला नाही तर रात्रभर झोप न येणारा मी, ह्या दिव्याच्या तीन आकड्यांपैकी एकही पडताळला नव्हता.

शहाण्याने इथे दुकानदाराकडे परत जायचं. पण मधे ती पायरी होती.

त्याऐवजी मी विचार केला की, दिवा हँडलला असल्यामुळे घोटाळा झाला. दिवा नजरेबरोबर फिरला पाहिजे. मुलगा रात्रीच्या ट्रेकला कपाळावर बांधायची बॅटरी नेतो, ती हेल्मेटवर चढवली. शिवाय ‘दिसायला’ म्हणून चंदेरी पट्ट्यांचं पोपटी जाकीट घेतलं. जाकिटाचा परिणाम अपेक्षेबाहेर झाला. म्हात्रे पुलाच्या तोंडाशी दम खायला पाय टेकून उभा राहिलो, तर एक मोटार येऊन थांबली. चालकाने काच खाली करून विचारलं, “साहेब, इकडून बंद केलंय का?” मी दम लागल्यामुळे नुसता हात हलवला. तो मागे वळला. त्याच्या मागचे तिघेही वळले. पुढची पाच मिनिटं मी जे काही हातवारे केले, त्यातून सुटण्यासाठीच केले, पण वाहतूक त्यांच्याबरहुकूम हलत होती. ऑफिसात माझं इतकं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

कपाळावरच्या दिव्याची अडचण अशी की, ज्याच्याकडे बघावं तो आंधळा होतो. भाजीवालीने पन्नासची समजून मला पाचशेची नोट परत दिली (मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली, हे नोंदवतो). दार उघडणारी बायको रोज एकच वाक्य म्हणायची: “आधी तो तिसरा डोळा मिटा.”

खरी अडचण मात्र मला कळलीच नाही, ती भोवली. खड्डा आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा खाली, हँडलच्या उंचीवर असला की खड्ड्याची कड लांब सावली टाकते आणि माणूस सावध होतो. दिवा डोळ्यांच्या रेषेतच असला की सावली कडेच्या मागे लपते आणि सगळा रस्ता नुकत्याच लाटलेल्या पोळीसारखा सपाट दिसतो. नळस्टॉपच्या पुढे अशाच एका पोळीत माझं पुढचं चाक गेलं. दिवा कपाळावरून उडून पदपथावर पडला आणि तिथून थेट माझ्यावर रोखलेला राहिला. मी इतका स्वच्छ कधीच कुणाला दिसलो नसेन. पाचजण धावले. उजवं मनगट मोडलं होतं, सहा आठवड्यांचं प्लास्टर.

प्लास्टरातल्या माणसाला नातेवाईक फोन करतात. श्टुटगार्टहून भाच्याचा आला. त्याला सगळी हकिकत सांगितल्यावर तो हसला नाही, जर्मनीत राहून त्याची ती सवय गेली आहे. “मामा, तुझ्या दिव्याला इथे रस्त्यावर परवानगीच नाही,” तो म्हणाला. तिकडे सायकलच्या दिव्याला मंजुरीचा नंबर लागतो, त्याच्या अलीकडे नागमोडी रेघ आणि ‘के’ हे अक्षर असतं. झोताला मोटारीसारखी वरची कड कापलेली हवी, म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. लुकलुकणारा दिवा चालत नाही; लुकलुकणाऱ्याचं अंतर नीट समजत नाही. “आणि गंमत सांगू? २०१३ पर्यंत इथे साध्या सायकलला डायनामोच सक्तीचा होता. अजूनही पुष्कळ लोक वापरतात. आता तो चाकाच्या तुंब्यात असतो, आवाज नाही, घासणं नाही, आणि सायकल थांबली तरी दिवा काही मिनिटं लागलेला राहतो. तुमच्याकडे होता ना एक जुना?”

“होता,” मी म्हटलं आणि विषय ताईच्या गुडघ्यांवर नेला.

प्लास्टर निघाल्यावर पायरी चढलो. दुकानदाराने माझं मनगट बघितलं, सायकल बघितली, दहा हजारी दिवा काढून तागडीत टाकावा तसा बाजूला टाकला. काही विचारलं नाही. हा मला सगळ्यात मोठा अपमान वाटला. त्याने हँडलच्या खालच्या अंगाला एक मध्यम दिवा बसवला आणि पुढच्या बाजूने एका बोटाने खाली दाबला. “झोत दहा-बारा पावलांवर रस्त्याला टेकला पाहिजे. समोरच्या माणसाच्या कमरेच्या वर जायचा नाही.” हे बोट फुकट होतं. सीटच्या दांड्याला लाल दिवा, लुकलुक बंद करून. “हा दिसायला,” तो म्हणाला. मग चंदेरी पट्टीचे तुकडे कापून दोन्ही पायडलांना चिकटवले. खालीवर हलणारे दोन ठिपके लांबून दिसले की मागच्याला अंतर कळायच्या आधी कळतं, की हा खांब नाही, पायडल मारणारा माणूस आहे. पट्टीचे चाळीस रुपये.

त्या रात्री मी नदीपात्रातून एखाद्या सज्जनासारखा गेलो. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कठड्यावरची जोडपी बसून राहिली, म्हैस दुरूनच दिसली आणि मी तिला वळसा घालून गेलो. घरी पोचलो तर बायको माझ्या मागोमाग रिक्षातून उतरली. बहिणीकडून येत होती.

“नळस्टॉपपासून मी तुमच्या मागेच होते,” ती म्हणाली.

“मग? दिसलो की नाही?” मी छाती काढून विचारलं.

“तुम्ही नाही. पिशवी दिसली.” तिने सीटच्या मागे बोट दाखवलं. तिथे मी रोजच्यासारखी डब्याची पिशवी अडकवली होती, कुठल्याशा लग्नात मिळालेली, पांढरी, कापडी. लाल दिवा बरोबर तिच्या मागे होता. “आतून नुसती पेटलेली, मधे डब्याची सावली आणि वर ठळक अक्षरं, ‘चि. सौ. कां.’ रिक्षावाला म्हणाला, वरात पुढे गेली वाटतं, हे काका मागे राहिलेत.”